आकडा

चेहेडीच्या पुलाखाली, दारणेच्या काठाला
पहाटे पाचला माझी तेवीस पोरं उभी राहतात.
जानेवारीत नाकातोंडातून वाफ, पायात बाजारातले बूट,
कुणाच्या टाचेला चिकटपट्टी.
फी महिन्याला आठशे. दोघांना माफ आहे,
कुणाला ते मी सांगत नाही.

सतरा वर्षं तोफखान्यात काढली.
रंगरूट झालो तो इथंच, नाशिकरोडला,
शेवटची चार वर्षं उस्ताद होतो तोही इथंच.
रगडा म्हणजे काय ते मला विचारा.
पाठीवर पिट्टू, कोपरांवर सरपटणं,
साल निघते तिथं वाळू जाऊन बसते
आणि रात्री साबण लावताना आई आठवते.
मी दिलाय तो. त्याआधी घेतलाय.
त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती एका रात्रीची,
आणि ती मी कुणाकडं केली नाही.

दौलत खैरनार. नामपूरकडचा.
उंचीत काठावर पास. हजेरीला
'हाजिर'मधला 'ह' त्याच्या घशात अडकायचा.
दिवे मालवले की एक लान्स नायक यायचा,
नाव घेत नाही, पेन्शन खातोय तोही.
खांद्यावर टॉवेल, पायात रबरी चपला.
(दिवसा उस्ताद बुटात असतो.
हे मला फार उशिरा सुचलं.)
"बैठका."
"कि-किती, उस्ताद?"
"मी थांब म्हणेन तितक्या."

बाकी बॅरक झोपली. म्हणजे झोपल्यासारखी.
माझी खाट शेजारची.
कांबळं तोंडावर ओढून मी मोजत होतो.
का, ते माहीत नाही.
कुणीतरी मोजायला हवं होतं म्हणून असेल.
एकशे ऐंशीपर्यंत त्याचा श्वास ऐकू आला,
पुढं नुसती फरशी.
तो दुसरा हसत होता. मोठ्यानं नाही.
दोनशे चौदा.
मी उठलो नाही.

सकाळी डॉक्टरनं विचारलं तेव्हा
"पाय मुरगळला, श्रीमान," म्हणाला खैरनार.
एकदाही न अडखळता.
कसम परेडला तीन आठवडे असताना
ट्रंक उचलून गेला. गादीची गुंडाळी राहिली.

तोफेला सगळं मोजून लागतं.
चार्ज किती, कोन किती, पल्ला किती.
देवळालीच्या रेंजवर गोळा सुटायच्या आधी
एकानं सांगितलेला आकडा दुसरा ओरडून परत सांगतो.
एवढं लोखंड, पण आकड्याशिवाय हलत नाही.

पळशाचा एक बाप परवा म्हणाला,
"हाणा दोन, पण पोरगं भरती झालं पाहिजे."
म्हटलं, हाणत नाही, पळवतो.
पांडवलेण्याच्या पायऱ्या दहा वेळा.
दहा म्हणजे दहा. अकरावी माझ्या गुडघ्यालाही परवडत नाही,
कारण पुढं मीच असतो.
त्याला ते पुरेसं वाटलं नसावं. पोराला घेऊन गेला.

हे सगळं मी ठासून सांगतो खरं,
पण गेल्या मंगळवारची गोष्ट राहिलीच.
पोरं दंडात होती आणि फोन आला.
बँकेचा. हप्त्यावरून वाद झाला.
प्रेसचा भोंगा झाला, उजाडलं,
पोरं खाली-वर, खाली-वर.
रोशन गांगुर्डे, ज्याच्या हाताची दोरी झालेली,
मातीकडं बघतच म्हणाला, "सर, किती?"

आणि ते वाक्य माझ्या जिभेवर आलं.
शब्दाला शब्द. आवाजसुद्धा माझा नव्हता.
बोलणार, तर खाली पायांकडं नजर गेली.
गुडघा सुजलेला म्हणून त्या दिवशी
बूट घातले नव्हते.

"तीस," मी म्हणालो.
"एकतीस झाल्यात, सर,"
मागच्या ओळीतून कुणीतरी बोललं.

कुणीतरी मोजत होतं.